भाच्याला दिलेली जीप

मुर्री, गोंदिया
३ ऑगस्ट २०२५

ती. मनीराम मामा यांस,

नमस्कार लिहीत नाही, कारण भाच्याचा नमस्कार तुम्ही घेत नाही. लहानपणी मी एकदा तुमच्या पायाला हात लावायला गेलो तर तुम्ही मागे सरकलात आणि उलट माझ्याच पाया पडलात. भाचा म्हणजे देव, त्यानं वाकायचं नाही, हे तेव्हा डोक्यात बसलं ते बसलंच. तेव्हा सरळ जीपवर येतो.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की इकडे शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहतात, म्हणून पत्र. जीप सुखरूप पोचली. तुमच्या तिलकनं मिनी ट्रकवर नीट बांधून पाठवली होती. आईनं ओवाळली, तुमच्या भाचेसुनेनं, टीनानं, फोटो काढले. तुमच्या डिंपलच्या लग्नात मी मांडवात सहज म्हणालो होतो, "मामा, तुमची जीप मला फार आवडते." तुम्ही हसत आत गेलात आणि किल्ली आणून माझ्या हातात ठेवलीत. भाच्याच्या तोंडून निघालेला शब्द मामानं खाली पडू द्यायचा नाही ही आपली रीत मला माहीत होती, पण तिचा असा फायदा होईल असं वाटलं नव्हतं. गंमत करतो. जीपला जीव लावीन.

गाडीची अवस्था मात्र ऐका. हवेच्या जाळीत उंदरांनी धान साठवलंय, मूठभर नाही, चांगलं पायलीभर असेल. पेट्रोलच्या टाकीतून चहाच्या रंगाचं पाणी निघालं. वायर कुरतडलेल्या, आणि स्टेअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो. पंपाच्या दुकानात येणारे म्हणतात मिस्त्री लाव. कशाला? शेतकऱ्यांचे पंप रोज खोलून जोडतो, हे इंजिन त्याचंच थोरलं भावंड. दसऱ्याला भावकीतली सगळी पोरं मागे बसवून सोनं वाटायला निघणार आहे, तोवर गाडी उभी करतोच.

तुमचा
भुपेंद्र

दरेकसा
१४ ऑगस्ट २०२५

भाचा भुपेंद्र यास मामाचं पाया पडणं.

पत्र आलं तेव्हा पोस्टमन अंगणातच उभा होता, त्याच्यासमोर वाचलं. उंदरांच्या धानाचं वाचून तुझी मामी हसली. ती म्हणाली, जीप रिकामी नाही पाठवली, शिदोरी देऊन पाठवली.

टाकी सोडवून काढ. आत खडे आणि थोडं पेट्रोल घालून हलव, गंज सुटतो. हॉर्नचं तसं आहे की स्टेअरिंगच्या दांड्यातली वायर सोलली गेली आहे, वळताना ती लोखंडाला लागते. तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळ. तो हॉर्न वाजायला लागला की सालेकसाच्या रस्त्यावरची माणसं म्हणायची, मनीराम डावीकडे वळला. मी कधी दुरुस्त केला नाही कारण सवय झाली होती.

इंजिनाची भीती बाळगू नको, ते इमानी आहे. बाळंतिणी नेल्या, नवऱ्या नेल्या, साप चावलेले नेले, रस्त्यात कधी कुणाला उतरवलं नाही. या गाडीनं मला तेवढं नाव दिलं. आजही इथं कुणाचा ट्रॅक्टर आला की पहिला नारळ माझ्या हातून फोडतात आणि मला दहा पावलं चालवायला लावतात. माणसाला म्हातारपणी आणखी काय हवं.

ती तुझ्याकडे गेली याचा मला आनंद आहे. दाराशी मोकळी जागा दिसते तेवढीच.

मामा

मुर्री
७ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

इंजिन सुरू झालं. पहिल्या दिवशी धूर इतका निघाला की समोरच्या बाईनं वाळत घातलेले कपडे काढून नेले, पण दुसऱ्या दिवशी आवाज स्वच्छ. तुम्ही सांगितल्याप्रमाणे टाकीत खडे घातले, गंज पडला. हॉर्नची वायर गुंडाळली, आता तो मी म्हणेन तेव्हाच वाजतो. क्लचच्या तारेसाठी तीन दुकानं फिरलो, शेवटी दुसऱ्याच गाडीची तार कापून बसवली. लोक बघायला येतात आणि मी हात पुसत पुसत बाहेर येतो, त्याची चव वेगळीच आहे.

एक काम राहिलं होतं, ते काल केलं. ब्रेक दाबला की पाय पार तळाला टेकायचा. ड्रायव्हरच्या पायाखालची झाकणी उघडली तर ब्रेकच्या तेलाची डबी कोरडी ठणठणीत. दुकानात पंपाच्या इंजिनाचं तेल पिंपानं पडलं आहे, चांगल्यातलं. तेच काठोकाठ भरलं आणि नळीतली हवा काढली. आता ब्रेक असा लागतो की टीनाचं कपाळ समोर आपटलं. मिस्त्री असता तर एवढ्यासाठी दोन दिवस घालवले असते.

दसऱ्याला अजून अवकाश आहे, तोवर रंग काढतो. पोरांनी आत्तापासून मागच्या जागा वाटून घेतल्या आहेत.

भुपेंद्र

दरेकसा
१६ सप्टेंबर २०२५

भाचा भुपेंद्र यास मामाचं पाया पडणं.

तुझ्या हाताला यश आहे. पंपाचं काम करणारा माणूस कुठल्याही इंजिनात घुसू शकतो हे मी तुझ्या आईला तुझ्या लहानपणीच म्हणालो होतो. तार कापून बसवलीस ते चांगलं केलंस. रंग हिरवाच ठेव असं सुचवतो, पण तुला दुसरा आवडत असेल तर तो दे.

आणखी एक. ब्रेकच्या बाबतीत मला म्हाताऱ्याला उगाच काळजी असते. आमगावचा श्यामलाल मिस्त्री माझ्या ओळखीचा आहे. दसऱ्याच्या आधी त्याला एकदा बोलावून घे, तो आतली रबरं पाहील. जमलं तर तोवर गाडी लांब नेऊ नको. तुझ्या कामात खोट आहे म्हणून म्हणत नाही, भाच्याच्या कामात मामा खोट कशी काढेल. माझ्या मनाचं समाधान म्हणून सांगतो. माझं नाव सांगितलंस तर तो लगेच येईल.

बाकी इकडे धान निसवायला आलं आहे, लोंब्या बाहेर पडताहेत. डुकरं रात्रीची येतात, तिलक मचाणावर झोपतो.

मामा

मुर्री
४ ऑक्टोबर २०२५

मामा,

हे पत्र रागात लिहितो आहे. आई म्हणाली, दोन दिवस थांब. मी थांबणार नाही.

परवा दसऱ्याला जीप काढली. हार, लिंबू, नारळ सगळं केलं. मागे पोरं, पुढे टीना. बिरसीच्या बाजूला पाहुण्यांकडे सोनं द्यायला निघालो. वाटेत गाडी जड वाटायला लागली, जणू कुणी मागून धरून ठेवली आहे. चाकांतून करपट वास आला. मी म्हटलं, पुढे पाहुण्यांच्या दारात थांबवून बघू. रेल्वेच्या फाटकावर वेग कमी करायला ब्रेक दाबला, आणि गाडी रुळांवर थांबली ती थांबलीच. पाय काढला तरी ब्रेक सुटेना. ढकलली तरी चाक तसूभर हलेना. फाटकवाला ओरडत धावत आला, रेल्वेची वेळ झाली होती. पोरांना उचलून उचलून खाली उतरवलं, टीना रडत होती. शेवटी मागून आलेल्या ट्रॅक्टरला साखळी बांधून जीप ओढली, तेव्हा ती चाकं घासत बाजूला झाली. लगेच मालगाडी आमच्या डोळ्यांसमोरून गेली.

सोनं वाटायला निघालेले आपले अर्धे सोयरे तिथं उभे होते. कुणीतरी विचारलं, "कोनाची गाडी होय?" मी सांगितलं, "मामानं भाच्याले भंगार देलन." होय, सगळ्यांसमोर बोललो, आणि अजूनही तेच म्हणतो.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला ते सांगतो. तुम्ही श्यामलालला दाखव म्हणून लिहिलं होतं. म्हणजे ब्रेकमध्ये खोट आहे हे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही मला गाडी दिलीत, आणि वर मनाचं समाधान वगैरे गोड लिहिलंत. भाच्याला खोटी वस्तू देऊ नये, हे मी तुम्हाला सांगायचं का?

भुपेंद्र

दरेकसा
१५ ऑक्टोबर २०२५

भुपेंद्र भाऊजी,

मी दुर्गेश्वरी, तिलकची बायको. बाबांना न सांगता लिहिते आहे. चूक वाटलं तर मला बोला, त्यांना नको.

बाबा तुमच्याकडे येऊन गेले त्याला आता आठवडा होईल. गुडघा दुखत असताना एकटे रेल्वेनं आले, पाहुण्यांसमोर तुमच्या पाया पडले, "गाडीत खोट होती, माफी असावी" म्हणाले आणि पाणी पिऊन परत निघाले. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आत्याबाईंनी रडत रडत फोनवर सांगितलं. घरी आल्यावर तिलकला फक्त एवढं म्हणाले की भाच्याला खोटी वस्तू गेली, तिच्या जागी गाय दिली पाहिजे. आमची लाल गाय तुमच्या दारात बांधली आहे ती अशी आली. घरात दूध देणारी ती एकच होती. ते असो.

मला सांगायचं ते वेगळं आहे. तुमचं सप्टेंबरचं पत्र आलं तेव्हा मी चुलीजवळ होते. बाबा मोठ्यानं वाचत होते, त्यांना वाटतं ते मनात वाचतात. पंपाच्या तेलापर्यंत आले आणि हसले. मग हसायचे थांबले. म्हणाले, "इंजिनाचं तेल टाकलन ब्रेकात. रबर फुगते आता." मी म्हटलं, मग लिहा की तसं. त्यांनी लिहिलं आणि फाडलं, परत लिहिलं. शेवटी जे तुम्हाला मिळालं ते पाठवलं. आणि आम्हाला बजावलं, "कोनी तोंड उघडाचं नाई. भाच्याचं नाव खाली नाई गेलं पायजे."

भाऊजी, ब्रेक तुम्ही बिघडवला. ते माहीत असून त्यांनी तुमचे पाय धरले.

तुम्ही फाटकावर जे बोललात ते तुमचं पत्र येण्याआधी इथं पोचलं होतं. भाच्याला भंगार देणारा म्हणून बोलून राहिले लोक. दसऱ्यानंतर गावात दोन नवीन गाड्या आल्या, नारळ फोडायला बाबांना कुणी बोलावलं नाही. ते स्टेशनवरच्या चहाच्या टपरीवर जायचे, आता जात नाहीत. विचारलं तर म्हणतात, चहा गोड लागत नाही.

यावर काय करायचं ते तुम्ही ठरवा. मला राहवलं नाही म्हणून लिहिलं.

दुर्गेश्वरी

मुर्री
२६ ऑक्टोबर २०२५

ती. मामा,

दुर्गेश्वरीनं मला सगळं लिहिलं. तिला रागवू नका.

तिचं पत्र वाचून मला आधी खोटंच वाटलं, म्हणजे वाटावं अशी इच्छा होती. श्यामलालला बोलावलं. त्यानं ब्रेक खोलले. आतली रबरं भिजवलेल्या चण्यांसारखी टम्म फुगली होती. तो म्हणाला, कोण्या गाढवानं इंजिनाचं तेल टाकलं? मी म्हटलं, मी. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि नंतर कामाचंच बोलला. सगळी रबरं आणि नळ्या बदलल्या. उभ्या गाडीत तेल आटलं होतं तेवढंच, बाकी ब्रेकमध्ये तुमच्या वेळची एकही खोट नव्हती, हे त्यानं आईसमोर सांगितलं. आई उठून आत गेली. तुम्ही येऊन गेलात त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. मला वाटत होतं ती तुमच्यावर रागावली आहे.

त्या दिवसाचं लिहितो, कारण ते डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही अंगणात आलात तेव्हा मी खुर्चीवर बसलो होतो. बाजूला पाहुणे होते. तुम्ही काठी खाली ठेवलीत, गुडघ्यावर हात टेकून वाकलात आणि माझ्या पायांना हात लावलात. मी उठलो नाही. मोठ्या मनानं म्हणालो, "जाऊ द्या मामा, होते चूक." आणि पाहुण्यांकडे बघितलं, की बघा माझं मन किती मोठं आहे. मामा, मला हे आठवलं की एकटा असलो तरी तोंड लपवावंसं वाटतं. दुकानात पंपाच्या तेलाचं पिंप दिसतं, मी तिकडे पाठ करून बसतो.

भाऊबीजेला तेच पाहुणे परत जमले होते. त्यांना अंगणात बसवून सांगितलं की ब्रेक मी बिघडवला, मामानं गाडी चांगली दिली होती, आणि फाटकावर मी खोटं बोललो. एकानं विषय बदलून धानाच्या भावावर नेला. मला वाटलं होतं मन हलकं होईल, तसं काही झालं नाही. दरेकशालाही येऊन सांगायला तयार आहे, पण आई म्हणते, तुझ्या मामाच्या गावात भाच्यानं हात जोडले तर लोक पुन्हा त्यालाच नावं ठेवतील. तेही खरं. मी वाकू शकत नाही, माफी मागू शकत नाही, गाडी आणि गाय परत द्यावी तर तुम्ही घेणार नाही. मग मी करू काय?

एक मागतो. भाच्याचा शब्द तुम्ही कधी खाली पडू दिला नाही. मला शिव्या द्या. एखाद्या बाहेरच्या माणसाला दिल्या असत्या तशा.

भुपेंद्र

दरेकसा
२ नोव्हेंबर २०२५

भुपेंद्र,

शिव्या मागितल्यास. देतो. पण आधी माझं ऐकून घे.

मी तुला झाकायला तुझ्या पाया पडलो, असं दुर्गेश्वरीला वाटतं आणि आता तुलाही वाटतं. तुम्ही दोघं मला आहे त्यापेक्षा मोठा करता. तुझं तेलाचं पत्र वाचलं त्याच क्षणी मला कळलं होतं की हे रबर फुगणार आणि ब्रेक धरून बसणार. एक ओळ पुरली असती, की तेल चुकलं आहे, गाडी दाराबाहेर काढू नको. ती ओळ मी लिहिली आणि फाडली. भाच्याची चूक कशी दाखवू, असं मनात आलं. मग गोड गोड लिहून श्यामलालचं नाव घातलं आणि वाटलं, आपलं काम झालं. मागे पोरं बसणार हे तू दोन्ही पत्रांत लिहिलं होतंस. मी तुझा मान सांभाळला आणि त्यापायी ती पोरं रुळांवर जाऊन बसली. मालगाडीचं वाचलं त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

पाया पडलो ते त्यासाठी. त्यातही खरं बोलायची हिंमत झाली नाही. तोंडानं म्हणालो, गाडीत खोट होती. गाडीत नव्हती, माझ्यात होती. इतकी वर्षं लोकांचा जीव हातात घेऊन गाडी चालवली आणि एक ओळ लिहिता आली नाही याची मला लाज वाटते. आता तुझ्या शिव्या.

काऊन रे गाढवा, पंप इकता इकता अक्कल इकून टाकली का? ब्रेकात इंजिनाचं तेल टाकते का कोनी? मिस्त्री बोलाव म्हनलो तं काऊन नाई बोलावला? करपट वास आला तं तिथंच गाडी थांबवाची सोडून पाव्हण्यायच्या दारात मिरवाले चालला होता? पोट्टे मागं बसले आहेत हे ध्यानात होतं का तुह्या? आनं मंग माह्याच गाडीले भंगार म्हनून राहिला. म्हातारा मानूस पायाशी वाकला तं खुर्चीवरून उठता नाई आलं तुले?

इथवर लिहून मी हे पत्र खिशात घातलं आणि स्टेशनवर टपरीवर गेलो. बरीच माणसं होती. मी म्हटलं, भाच्याला पत्र लिहिलं आहे, ऐका. पहिल्या ओळीपासून वाचलं, माझी चूकही आणि तुझीही. मला माझा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो साऱ्या फलाटावर गेला म्हणतात. वाचून झाल्यावर कुणी म्हणालं, भाच्याले असं बोलाचं नसते, पाप लागते. मी म्हटलं, नाही बोललो त्याचं पाप लागलं, हे बोलल्याचंही लागू दे. मग गावातला उमेंद्र सरकून माझ्या बाजूला बसला. त्याच्या नव्या ट्रॅक्टरचा ब्रेक आवाज करतो, उद्या सकाळी पाहायला जाणार आहे.

गाय परत पाठवू नको, तुझ्या आईला तिच्या दुधाचा चहा दे. श्यामलालनं बसवलेल्या रबरांवर मी हात फिरवल्याशिवाय पोरांना गाडीत घेऊ नको. तूच गाडी घेऊन इकडे ये.

घरी आलो तर तुझ्या मामीनं जेवायला वाढलं नाही. टपरीवरची बातमी माझ्याआधी पोचली होती. भाच्याला शिव्या दिल्या म्हणून ती देवापुढे दिवा लावून बसली होती. तिला वाचता येत नाही, तेव्हा तिलाही पहिल्यापासून वाचून दाखवलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. खुर्चीपर्यंत आलो तेव्हा उठली, ताट आणून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "ते खुर्चीचं अजून एक डाव लिवा."

म्हणून पुन्हा लिहितो. म्हातारा पायाशी वाकला, तर तुला खुर्चीवरून उठता आलं नाही.

मनीराम